गोळी आणि डार्ट : बिबट्याला भूल चढते तरी कशी?

२० फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे ठाण्यातल्या कोरम मॉलच्या सीसीटीव्हीत एक बिबट्या दिसला. काही तासांनी तो जवळच्याच एका हॉटेलच्या तळघरात सापडला. तिथे त्याला बेशुद्ध करून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेण्यात आलं. २४ नोव्हेंबर २०२२ ला कल्याण पूर्वेच्या चिंचपाड्यात एका रहिवासी इमारतीत बिबट्या शिरला. काही जण जखमी झाले. सकाळी शिरलेलं जनावर ताब्यात यायला संध्याकाळ झाली.

असं काही घडलं की इमारतीखाली जमलेल्यांत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. बंदूक हातात आहे, मग सरळ गोळी का घालत नाहीत? आणि इंजेक्शन मारलं म्हणतात, मग तो जागच्या जागी पडत का नाही? विचारणाऱ्याच्या मनात भीती असते, त्यामुळे प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांची उत्तरं बातम्यांत सहसा मिळत नाहीत. ती नीट समजायची तर आधी गोळी शरीरात जाऊन काय करते ते पाहावं लागेल आणि मग बंदुकीतून झाडलेलं इंजेक्शन, म्हणजेच डार्ट, काय करतो ते.

गोळीच्या कामाचा सगळ्यात बारकाईने विचार झाला आहे तो आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांत. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांत परवाना घेऊन शिकार करणं आजही कायदेशीर आहे. तिथे जाणाऱ्या शिकाऱ्यांचा मोठा भाग हत्ती-सिंहांच्या मागे नसतो. त्यांना हवे असतात कुरंगवर्गातले प्राणी. इम्पाला, कुडू, जेम्सबॉक, विल्डेबीस्ट, ईलँड, आणि जोडीला झेब्रा व रानडुकराच्या जातीचा वॉर्टहॉग. अडचण अशी की हे सगळे एकाच माळावर, एकाच सकाळी समोर येऊ शकतात आणि त्यांच्या वजनांत प्रचंड तफावत असते. इम्पाला साधारण पन्नास-साठ किलोचा, कुडूचा नर दोनशेच्या पुढे आणि ईलँडचा मोठा नर सातशे किलोच्याही वर. रायफल मात्र खांद्यावर एकच. इम्पालाच्या बरगड्यांतून जाताना ज्या गोळीने काम करायला हवं तीच ईलँडच्या खांद्याच्या हाडातूनही पार व्हायला हवी.

गोळीने जनावर मरतं ते गोळीच्या धक्क्याने, असा समज सार्वत्रिक आहे. चित्रपटांत गोळी लागली की माणूस मागे फेकला जातो, त्यामुळे तो पक्का झाला असावा. खरं तर मेंदू किंवा मणका सोडला तर गोळी मारते ती रक्ताभिसरण थांबवून. हृदय, फुप्फुसं किंवा मोठ्या रक्तवाहिन्या फाटतात, रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि जनावर पडतं. यालाही वेळ लागतो. मेंदूत शिल्लक राहिलेल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद शरीर चालतं आणि तेवढ्यात हरणासारखा प्राणी पन्नास-शंभर मीटर सहज धावून जातो. म्हणून हृदयावर अचूक गोळी लागलेल्या हरणाच्या मागेही तिथले माग काढण्यात आयुष्य घालवलेले वाटाडे लागतात आणि रक्ताचे थेंब पाहत त्याला शोधून काढतात.

म्हणजे शिकारी गोळीला दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. खोल जायचं आणि वाटेत रुंद व्हायचं. शिकारीच्या साध्या गोळीत शिशाचा गाभा असतो, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असतं आणि टोकाला शिसं उघडं ठेवलेलं असतं. मांसात शिरताच समोरच्या दाबाने ते मऊ टोक मागे वळतं, कवच फाटतं आणि गोळी अळंबीच्या टोपीसारखी पसरून मूळ व्यासाच्या दीडपट-दुप्पट होते. पसरलेली गोळी जास्त ऊती फाडते, पण तितकीच लवकर थांबते. अगदी जवळून, भर वेगात लागली तर ती पसरण्याऐवजी फुटते, तुकडे वरच्यावर राहतात आणि जनावर जखमी होऊन पळतं. फार लांबून, वेग कमी झाल्यावर लागली तर ती उमलतच नाही आणि सुईसारखं भोक पाडून पलीकडे निघून जाते. या दोन टोकांमधला मार्ग शोधण्यात गोळी बनवणाऱ्यांचं पाऊण शतक गेलं. जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याने १९४० च्या दशकात गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा भाग उमलतो, मागचा भाग भिंतीमुळे अखंड राहतो आणि खोल जातो. पुढे १९८० च्या दशकाच्या शेवटी बार्न्स कंपनीने शिसं पूर्ण काढून टाकलेली, निव्वळ तांब्याची गोळी आणली. तिचं टोक पाकळ्यांसारखं उघडतं आणि वजन जवळपास तेवढंच राहतं. शिशाच्या गोळ्यांचे बारीक कण मांसात आणि टाकून दिलेल्या आतड्यांत राहतात, ते खाऊन गिधाडवर्गातले पक्षी शिशाच्या विषबाधेने मरतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया काँडोरवर हे संकट फार मोठं होतं. तांब्याच्या गोळीला त्यामुळेही महत्त्व आलं.

उमलणाऱ्या गोळीच्या इतिहासाचं एक पान आपल्या देशातलं आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने टोक उघडं ठेवलेली लष्करी गोळी तयार केली. माणसाच्या शरीरात ती इतकी भयंकर जखम करी की १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरण्यावर बंदी आली. तेव्हापासून लष्करी गोळी पूर्ण कवचाची असते. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथच्या आयुध निर्माणीत काडतुसांसाठी लागणाऱ्या पितळेचं काम होतं, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला रायफलची काडतुसं बनतात. ती सगळी याच पूर्ण कवचाच्या परंपरेतली आहेत.

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. इमारतीखाली बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांच्या हातातली रायफल लढाईच्या गोळीची आहे. बिबट्यासारख्या चाळीस-साठ किलोच्या जनावराच्या अंगातून ती गोळी सहसा आरपार जाते आणि पुढे तिच्यात भरपूर ऊर्जा शिल्लक असते. ती भिंतीवर आपटून उलटते, दारातून पलीकडच्या खोलीत जाते, जिन्यात कुठे वळेल याचा नेम नाही. शिवाय मर्मस्थानी न लागलेल्या गोळीने जखमी झालेला बिबट्या हा अरुंद जिन्यात माणसाला भेटू शकणारा सगळ्यात धोकादायक प्राणी आहे. आफ्रिकेत गोळी झाडताना जनावराच्या मागे मोकळा माळ किंवा टेकडीचा उतार आहे ना, हे आधी पाहतात. चिंचपाड्यात जनावराच्या मागे कोणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

उरलेलं अर्धं उत्तर कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या आहे. त्याला मारण्याची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तीही तो माणसाच्या जिवाला धोका झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. त्यातही, त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते. मारणं हा शेवटचा पर्याय आहे हे कायद्यानेच लिहून ठेवलं आहे. जिवंत पकडणं हेसुद्धा या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे शिकारीतच मोडतं, त्यामुळे डार्ट मारायलाही वरून परवानगी लागते. गर्दीला जो वेळ रिकामा वाटतो, त्यातला काही या परवानगीचा असतो. मला तो वाया गेलेला वाटत नाही.

आता डार्टकडे येऊ.

रायफलची साधारण शिकारी गोळी अकरा-बारा ग्रॅमची असते. औषध भरलेला मध्यम आकाराचा डार्टही दहा ग्रॅमच्या आसपास भरतो. वजन जवळपास सारखं, फरक सगळा वेगाचा. गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटते, डार्ट ५० ते ६० मीटर वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे हिशोब मांडला तर गोळीची ऊर्जा चार हजार ज्यूलच्या जवळ जाते आणि डार्टची अठरा ज्यूलच्या आसपास राहते. दोनशेपट फरक. गोळीने आपली सगळी ऊर्जा जनावराच्या शरीरात खर्च करावी अशी शिकाऱ्याची इच्छा असते. डार्टने मात्र कातडी भेदून सुई स्नायूत पोचवण्यापुरतीच ऊर्जा वापरावी, त्यापलीकडे काहीही करू नये, हे पशुवैद्यकाला हवं असतं.

ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत न्यूझीलंडच्या टिमारू गावचा औषधविक्रेता आणि पशुवैद्य कॉलिन मर्डॉक याचं नाव पुढे येतं. प्लास्टिकची एकदाच वापरायची सिरिंजही त्याचीच. १९५० च्या दशकात त्याने बंदुकीतून झाडता येणारी सिरिंज तयार केली. पण डार्टची खरी परीक्षा झाली ती आफ्रिकेतच. १९६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या अमफोलोझी अभयारण्यात इयन प्लेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढऱ्या गेंड्यांना भूल देऊन दुसऱ्या अभयारण्यांत आणि देशांत नेलं. त्यासाठी एटॉर्फिन हे औषध वापरलं गेलं. मॉर्फिनच्या कुळातलं, पण त्याच्या हजारपटींनी तीव्र. ज्या प्रदेशात माणसं गोळीने शिकार करायला जात होती, तिथूनच जनावराला जिवंत उचलून नेण्याची विद्या जगभर पसरली. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनोला चित्ते आले, तेही याच विद्येच्या जोरावर. (आफ्रिकेचे चित्ते भारतात येण्याची ती पहिली वेळ नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानाने काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले होते.)

डार्ट म्हणजे दोन कप्प्यांची सिरिंज. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा, दोहोंमध्ये सरकणारा दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं. औषध बाहेर पडायचं छिद्र सुईच्या बाजूला असतं आणि त्यावर सिलिकॉनची एक छोटी बाही चढवलेली असते. हवेच्या दाबाखाली असूनही औषध त्या बाहीमुळे अडून राहतं. सुई कातडीत घुसली की बाही कातडीवर अडते, मागे सरकते, छिद्र उघडं पडतं आणि दाबलेली हवा दट्ट्याला पुढे ढकलून क्षणात औषध स्नायूत रिकामं करते. मागच्या टोकाला रंगीत लोकरीचा किंवा प्लास्टिकचा गोंडा असतो. तो डार्टला हवेत सरळ ठेवतो, आणि डार्ट लागला की नाही, नंतर कुठे पडला, हे त्या रंगावरूनच दिसतं. काही बनावटींत हवेऐवजी बारीक स्फोटक टोपी असते आणि ती आदळताच दट्ट्या ढकलते. आपल्याकडे बचावकार्यात हवेच्या दाबाचा प्रकार सर्रास दिसतो, कारण तो कमी त्रासदायक आहे.

बंदूकही तशीच साधी. डेन्मार्कच्या डॅन-इंजेक्ट कंपनीच्या बंदुका भारतात बऱ्याच ठिकाणी आहेत. त्यांत दारू नसते, कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब असतो आणि दाब दाखवणारा काटा असतो. नेमबाज आधी अंतर मोजतो, मग तक्त्यात पाहून त्या अंतराला, त्या आकाराच्या डार्टला आणि त्या जाडीच्या नळीला किती दाब लागतो तो ठरवतो. दाब कमी पडला तर डार्ट खाली पडतो किंवा सुई अर्धीच घुसते. जास्त झाला तर तोच डार्ट मांडीचं हाड मोडू शकतो, बरगड्यांतून आत जाऊ शकतो. पाच मीटरवरच्या जनावरावर वीस मीटरचा दाब लावून झाडलेला डार्ट जीवघेणा ठरतो. जनावर पिंजऱ्यात, विहिरीत किंवा अगदी जवळच्या बंद खोलीत असेल तर बंदूक बाजूला ठेवून फुंकनळी वापरतात. लांब नळी, तोंडाने फुंकर, हलका डार्ट. आवाज जवळपास नाही आणि धक्काही कमी.

नेम धरणं किती अवघड असतं याचाही हिशोब करून पाहा. ५० मीटर वेगाने सुटलेल्या डार्टला वीस मीटर जायला ०.४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने तो पाऊण मीटरहून जास्त खाली येतो. रायफलची गोळी तेच अंतर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात कापते आणि तिचं खाली येणं मिलिमीटरांत मोजावं लागतं. म्हणजे डार्ट झाडणाऱ्याला जनावराच्या वर बऱ्यापैकी उंच नेम धरावा लागतो आणि त्या ०.४ सेकंदांत बिबट्याने पाऊल उचललं तर डार्ट भलतीकडेच लागतो. बिबट्याला लक्ष्य करायचं ठिकाणही मोजकंच आहे. मांडीचा किंवा खांद्याचा जाड स्नायू. डोकं, मान, छाती, पोट वर्ज्य. चरबीत औषध गेलं तर ते रक्तात फार सावकाश मिसळतं. जिन्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या, तोंड आपल्याकडे केलेल्या बिबट्याची मांडी दिसतच नाही. मग वाट पाहायची. खिडकीतून, दाराच्या फटीतून, शेजारच्या गॅलरीतून कोन शोधायचा. कल्याणसारख्या घटनेत तासन् तास जातात ते बहुतेक याच कामात.

आता औषध. गेंड्या-हत्तींवर चालणारं एटॉर्फिन मांजरकुळातल्या प्राण्यांवर चालत नाही. त्या कुळात अशी औषधं शांत करण्याऐवजी उत्तेजित करतात. बिबट्यासाठी सहसा दोन औषधांचं मिश्रण वापरतात, झायलाझिन आणि केटामाइन. दोन्हींचा जन्म १९६२ चा. केटामाइनने मेंदूचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. प्राण्याचे डोळे उघडे राहतात, पण त्याला काय चाललं आहे ते कळत नाही. एकट्या केटामाइनने स्नायू ताठरतात, झटकेही येतात. झायलाझिन स्नायू सैल करतं, मज्जासंस्थेतल्या उत्तेजनाला लगाम घालतं. दोन्ही एकत्र दिली तर प्रत्येकाची मात्रा कमी लागते. अडचण असते ती घनफळाची. डार्टमध्ये तीन-पाच मिलिलिटरच औषध मावतं आणि पातळ द्रावण भरलं तर मोठ्या नराला पुरत नाही. म्हणून जर्मनीतल्या म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयात कोरड्या झायलाझिनच्या भुकटीत केटामाइन मिसळून दाट मिश्रण करण्याची युक्ती निघाली. आज ती जगभर वापरली जाते.

मात्रा वजनावर ठरते आणि वजन अंदाजाने ठरवावं लागतं. बिबट्याची मादी तीस-चाळीस किलोची असू शकते, मोठा नर साठ-सत्तरचा. घाबरून अंग फुगवलेलं जनावर आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, अंधारात तर आणखी. जास्त औषध गेलं तर श्वास मंदावतो, कमी गेलं तर अर्धवट गुंगीतला, भेलकांडत पण चावण्याइतपत जागा बिबट्या समोर राहतो. या अंदाजात डॉक्टरांचा अनुभव पणाला लागतो. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या शेतांतल्या विहिरींत पडलेले, फासांत अडकलेले, घरांत शिरलेले बिबटे वर्षानुवर्षं सोडवत राहिल्याने ही माहिती आपल्याकडेच बरीच जमली आहे. जुन्नरजवळच्या माणिकडोहचं बिबट्या निवारण केंद्र त्यासाठी ओळखलं जातं आणि विद्या अत्रेय, अनिरुद्ध बेलसरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही माहिती लिहून ठेवली आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. डार्ट लागल्यावर बिबट्या का पडत नाही? कारण औषधाला स्नायूतून रक्तात जायचं असतं आणि रक्ताने ते मेंदूपर्यंत न्यायचं असतं. सगळं नीट जुळून आलं तरी त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मला या दोन शस्त्रांतला सगळ्यात महत्त्वाचा फरक इथेच दिसतो. गोळी काम करते रक्ताभिसरण बंद पाडून. डार्टला काम करायला ते चालू आणि शांत लागतं. घाबरलेल्या, हाकललेल्या, आरडाओरड्याने बिथरलेल्या प्राण्याच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि तत्सम द्रव्यांचा पूर येतो. झायलाझिन ज्या उत्तेजनाला आवर घालतं, ही द्रव्यं नेमकं तेच वाढवतात. म्हणून तीच मात्रा शांत बिबट्याला दहा मिनिटांत झोपवते आणि खवळलेल्याला वीस मिनिटांनीही उभं ठेवते. मग दुसरा डार्ट मारावा लागतो. पहिल्या औषधाचा परिणाम अजून चढत असताना दुसरी मात्रा दिली तर एकूण औषध धोकादायक होऊ शकतं, म्हणून डॉक्टर वाट पाहतात. खालची गर्दी मात्र म्हणते, हे नुसतेच उभे आहेत.

डार्ट लागल्यानंतर करायचं सर्वात कठीण काम म्हणजे काहीही न करणं. आवाज नाही, दिवे नाहीत, हालचाल नाही. काही मिनिटांनी बिबट्या पुढचे पाय ताणतो, मान खाली येते, बऱ्याचदा उलटी होते. झायलाझिनने उलटी होणं नेहमीचंच आहे आणि ती श्वासनलिकेत गेली तर जीव जाऊ शकतो. मग तो आडवा होतो. तरीही लगेच जवळ जात नाहीत. लांब काठीने शेपूट, मग कान हलवून पाहतात. कानाला प्रतिसाद आला नाही की मगच माणसं पुढे होतात.

यापुढचं काम एखाद्या शस्त्रक्रियेइतक्या शिस्तीने चालतं. डोळे उघडे असतात आणि पापण्या मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर पट्टी बांधतात. उजेडाने होणारा त्रासही त्याने टळतो. जनावराला कुशीवर ठेवतात, मान सरळ, जीभ बाहेर, तोंड उलटी बाहेर पडेल असं. श्वास, नाडी, गुदद्वारातलं तापमान दर काही मिनिटांनी नोंदवतात. उन्हाळ्यात अंग तापतं तेव्हा पाणी शिंपडतात, पावसाळी रात्री उलट पांघरूण घालावं लागतं. डार्टची जखम स्वच्छ करतात, रक्ताचे नमुने घेतात, वजन करतात आणि पुष्कळदा शेपटीच्या मुळाशी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात, म्हणजे तोच बिबट्या पुन्हा सापडला तर ओळखता येतो. झाडलेला प्रत्येक डार्ट शोधून मोजून परत घ्यावा लागतो. हुकलेला, औषध भरलेला डार्ट कुठल्या जिन्याखाली पडून राहणं हे लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं.

शुद्धीवर आणण्याचंही गणित आहे. योहिंबिन हे औषध झायलाझिनचा परिणाम उलटवतं, पण केटामाइनला उतारा नाही. योहिंबिन फार लवकर दिलं तर झायलाझिन उतरतं आणि केटामाइन एकटं उरतं. मग जनावर ताठरतं, झटके येतात. म्हणून केटामाइन बरंचसं उतरेपर्यंत थांबून, जनावर पिंजऱ्यात सुरक्षित असताना ते देतात.

या सगळ्या खटाटोपाचं फळ काय, हे विचारणाऱ्यांनी आजोबा नावाच्या बिबट्याची हकिगत जरूर आठवावी. २००९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीत पडलेल्या या प्रौढ नराला बाहेर काढून, बेशुद्ध करून, गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधून कल्याण-अहमदनगर रस्त्यावरच्या माळशेज घाटात सोडण्यात आलं. महिनाभरात तो शंभर किलोमीटरहून जास्त चालला, कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग ओलांडला, ठाणे जिल्हा आडवा तुडवत खाडी पार करून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला त्रास दिल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. बिबटे आपल्या वस्त्यांच्या आसपास कसे वावरतात याबद्दल आज जे ठामपणे सांगता येतं, त्यातलं बरंच त्या एका पट्ट्याने आणि तो बांधता यावा म्हणून दिलेल्या त्या भुलीने शिकवलं आहे.

डार्टला मर्यादा आहेत हेही सांगायला हवं. तो दाट रानात, अंधारात, पळणाऱ्या जनावरावर नीट लागत नाही. माणसावर झेप घेतलेल्या बिबट्याला तो थांबवू शकत नाही, कारण पंधरा मिनिटं कोणाकडेच नसतात. अशा वेळी बंदोबस्तावरच्या माणसाकडे गोळीचा पर्याय असावा लागतो आणि वनखात्याची माणसं तो जवळ बाळगूनच आत जातात. २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात टी-१ या नावाने ओळखली जाणारी वाघीण गोळीने मारली गेली, तेव्हा तिला आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न पुरेसा झाला होता का, यावर मोठा वाद झाला. तो वाद व्हायलाच हवा होता. गोळीला मागे घेता येत नाही, आणि म्हणूनच तिच्या आधीचा प्रत्येक पर्याय खरोखर वापरून पाहिला का, हे विचारण्याचा हक्क समाजाला आहे.

ठाण्याला येऊरचं जंगल लागून आहे आणि जेमतेम शंभर चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या आसपास २०१५ च्या कॅमेऱ्यांच्या मोजणीत पस्तीस बिबटे टिपले गेले होते. कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला मलंगगडाच्या डोंगररांगा आहेत. बिबट्या पुन्हा कुठल्या तरी सोसायटीत शिरेल. तेव्हा त्याचा माग काढत जाऊ नका, दगड मारू नका, बाहेर निघायची त्याची वाट अडवू नका. घराचं दार लावून मुलांना आणि कुत्र्यांना आत घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. डार्ट झाडल्याचं समजलं की पंधरा मिनिटं इमारतीखाली शांतता ठेवा, मोबाइलचे फ्लॅश बंद ठेवा. त्या पंधरा मिनिटांत औषध चढतं की नाही, हे बंदूक धरणाऱ्यापेक्षा खाली उभ्या असलेल्यांवर जास्त अवलंबून असतं.